हप्त्यावरचा कॉम्प्युटर

पोरगं रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरपुढे बसलं की आपल्या घरात बोलणी सुरू. फिनलंडचा लिनस टोरवाल्ड्सही असाच नादिष्ट. आजोबांच्या मशीनवर लहानपणीच हात बसला. हेलसिंकी विद्यापीठात शिकताना, जानेवारी 1991 मध्ये, त्याने हप्त्यांनी कॉम्प्युटर घेतला. (हप्ता काय असतो, ते आम्हा कारकुनांना विचारा!) ऑगस्टमध्ये या 21 वर्षांच्या पोराने इतर हौशी मंडळींना कळवले, की मशीनचा सगळा कारभार पाहणारा प्रोग्राम लिहितोय, नुसता छंद, मोठे काही नाही. तोच 'लिनक्स'. आज अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात तोच चालतो.

लोक पैसे पाठवायला निघाले. हप्ते फिटले नव्हते, तरी गड्याने पैशाऐवजी पोस्टकार्डे मागितली! जपान, न्यूझीलंडहून कार्डे येऊ लागली. टपाल घ्यायची धाकटी बहीण. भावाला एवढ्या लांबचे मित्र कुठून, याचेच तिला नवल.