गणवेश घातला की भेद मिटतात?

युद्ध माणसांतले भेद पुसते, असे मेसमध्ये आणि व्हॉट्सॲपवर नेहमी ऐकतो. अमेरिकेचा इतिहास वाचा, मग बोला.

पहिल्या महायुद्धात हार्लेमची ३६९वी कृष्णवर्णीय पायदळ रेजिमेंट १९१ दिवस आघाडीवर होती, तीही फ्रेंचांच्या हाताखाली; स्वतःच्या सैन्याला ती सोबत नको होती. दुसऱ्या महायुद्धातही पलटणी वेगळ्याच. सार्जंट आयझॅक वुडर्ड १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सैन्यातून मुक्त होऊन बसने घरी निघाला. अंगावर गणवेश होता. साउथ कॅरोलिनात पोलिसांनी त्याला मारून कायमचे आंधळे केले. पोलीसप्रमुख निर्दोष सुटला.

युद्ध संपून तीन वर्षे होत आली तेव्हा, १९४८ मध्ये, ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. त्यालाही वेग आला तो कोरियात जवान कमी पडू लागल्यावर! दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीय वीरांना सर्वोच्च शौर्यपदक मिळायला १९९७ उजाडले. तेव्हा त्यांतला एकच हयात होता.

जवान रक्त देतो. न्याय देणे सरकारचे आणि समाजाचे काम आहे. ते आमच्या रणांगणावर ढकलू नका.