दुकानदाराची वही कोणी वाचावयाची?

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची वही असे. उधारी कोणाची, रक्कम किती, वायदा कधीचा, हे सारे तीत सापडे. आज गल्ल्याजवळ ‘क्यूआर’चा फलक असतो आणि रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे यंत्र असते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’ व्यवस्था आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या १,००० कोटींच्या पुढे गेली. ही प्रगती कौतुकास्पद आहेच. परंतु सुट्या पैशांची कटकट मिटली, एवढाच तिचा अर्थ नाही. दुकानदाराची वही आता त्याच्या नकळत यंत्र लिहू लागले आहे, हा तिचा खरा अर्थ होय.

लहान व्यापाऱ्याला बँक कर्ज देत नाही, ही तक्रार जुनीच आहे. त्याच्याजवळ तारण नसते आणि त्याची उलाढाल बँकेला दिसत नाही. म्हणून तो सावकाराकडे जातो. यंत्राने केलेल्या नोंदी या कोंडीतून वाट काढू शकतात. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केलेली आणि २०२१ मध्ये प्रत्यक्षात आलेली ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ पद्धत त्यासाठीच आहे. खातेदाराने संमती दिल्यास त्याच्या खात्यातील नोंदी कर्ज देणाऱ्या संस्थेस पाहता येतात. तारणाची जागा उलाढालीने घ्यावी, असा हा विचार आहे. आणि तो स्वागतार्ह आहे.

परंतु हीच वही दुसऱ्या कोणी वाचली म्हणजे काय होते, ते जुलै २०२५ मध्ये बंगळूरने पाहिले. यूपीआयवरील जमेच्या आधारे कर्नाटकाच्या कर विभागाने हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. मालाची विक्री वर्षाला ४० लाख आणि सेवांची २० लाख रुपयांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक असते, हा त्यामागील आधार. अनेक दुकानांतून फलक उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. अखेर, नोंदणी करणाऱ्यांकडून मागील थकबाकी घेतली जाणार नाही, असे आश्वासन मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले.

कर चुकविणाऱ्याची वकिली करण्याचे येथे कारण नाही. मात्र यंत्र केवळ जमा लिहिते. त्या जमेत करमुक्त भाजी किती, करपात्र माल किती, भावाने पाठविलेले हातउसने किती, आणि खरेदी वजा जाता नफा किती उरला, हे ते सांगत नाही. ते दुकानदाराने सांगावयास हवे. पण खरेदीच्या पावत्या जपून ठेवण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. त्याची वही सरकारी कचेरीला वाचता आली, त्याला स्वतःला मात्र ती वाचता आली नाही. नव्या तंत्राने निर्माण केलेली खरी विषमता ती हीच.

ती दूर करणे सर्वस्वी सरकारच्या हाती नाही. दुकानदाराला आपला वर्षाचा हिशेब स्वतःच्या भाषेत सहज मिळावा, आणि संमतीचा मजकूर त्याला समजेल अशा मराठीत असावा, हे बँकांनी पाहावे. कर अधिकाऱ्यांनी नोटिशीआधी खुलासा मागवावा. पण काही काम आपलेही आहे. आमच्या वाणिज्य महाविद्यालयांत विद्यार्थी काल्पनिक पेढ्यांचे ताळेबंद वर्षानुवर्षे जुळवीत असतात. त्यांपैकी प्रत्येकाने एका सत्रात शेजारच्या एका दुकानदाराची खरेदी-विक्री लिहून दिली, तर दोघांचेही शिक्षण होईल. हिशेबात मुरलेल्या कारकुनांनीही आठवड्यातील एक संध्याकाळ यासाठी द्यावी; त्यात अवघड असे काही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वही पुजण्याची आपली रीत आहे. वही यंत्राने लिहिली म्हणून ती रीत मोडण्याचे कारण नाही. मात्र जिची पूजा करावयाची, ती वाचताही आली पाहिजे.