नावाचे दोन वाघ

मृगाची पहिली दमदार सर आली, की पूर्वी हडपसर-मांजरीच्या शेतांतून रात्रभर ‘डराव डराव’ ऐकू यायचे. तिथे इमारती आल्या आणि आवाज शहराबाहेर सरकला. या आवाजाचा धनी म्हणजे आपला थोराड बेडूक, इंडियन बुलफ्रॉग. एरवी शेवाळी रंगाचा हा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो आणि गळ्याशी निळे फुगे फुगवून मादीला साद घालतो. त्याचे शास्त्रीय नाव टायगेरिनस, म्हणजे वाघासारखा.

याच नावाचा दुसरा वाघ सिंधुदुर्गात आहे. आंबोली टोड, झँथोफ्रिन टायगेरिना. कुशीवर पट्टे, पण अंगाने जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. वेगळी जात म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती २००९ मध्ये.

जागतिक लाल यादीत पहिला ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, तर दुसऱ्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. बँकेत उमेद गेल्यामुळे मला हा फरक ठेवींच्या भाषेत कळतो. पहिल्याची पुंजी देशभरच्या शाखांत विखुरलेली आहे. दुसऱ्याची सगळी आंबोलीच्या एकाच शाखेत. ती शाखा बुडाली, तर खाते कायमचे बंद.

मात्र ‘किमान चिंता’ म्हणजे बेफिकिरी नव्हे. बेडकांच्या तंगड्यांना परदेशात मोठी मागणी होती. १९८१ मध्ये भारताने चार हजार टनांहून अधिक माल बाहेर पाठवला. शेतातले किडे फस्त करणारा राखणदारच निर्यात होऊ लागला, तेव्हा आरडाओरड झाली. १९८५ मध्ये या बेडकाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच थांबवली. गोव्यात मात्र पावसाळ्यात त्याची चोरटी शिकार चालतेच. गंमत अशी, की अंदमानात माणसाने नेऊन सोडलेला हाच बेडूक तिथल्या स्थानिक जिवांना उपद्रव देतो आहे. जो इथे राखायचा, तोच तिथे आवरायचा!

आंबोलीच्या वाघाला अशी बंदी वाचवू शकत नाही, कारण त्याला कोणी खातच नाही. त्याला हवा आहे तो जांभ्या दगडाचा सडा आणि पावसाच्या सुरुवातीला त्यावर साचणारी बोटभर खोलीची डबकी. त्याची वीण तिथेच होते. डबके तुडवले, सडा खणला किंवा त्यावर गाड्या लावल्या, की एका पिढीचा पाळणा मोडला.

नेमक्या त्याच दिवसांत आपण पुणेकर शनिवार-रविवार गाठून धबधबा बघायला घाटात जातो. जरूर जावे. पण गाडी सड्यावर चढवू नये, रात्री वेग कमी ठेवावा आणि मुलांना डबक्यात उड्या मारू देण्याआधी क्षणभर वाकून आत बघायला सांगावे. ताडोब्यातला वाघ दाखवायला आपण हजारो रुपये मोजतो. या वाघासाठी नुसते वाकावे लागते.