दोन मोटारी आणि एक गल्ली

जामबागेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, आणि तेथून उठून आता गच्चीबौली-कोंडापूरकडे गेलेल्या, आमच्या जुन्या मराठी घरांतून अलीकडे एक नवी चर्चा ऐकू येऊ लागली आहे. पूर्वी या घरांच्या ओट्यावर मुलीचे स्थळ, कोर्टातील तारीख आणि विवेकवर्धिनीतील कार्यक्रम हे बोलण्याचे विषय असत. आता नातू हातातील फोनवर दोन मोटारींची चित्रे शेजारी शेजारी लावून आजोबांपुढे धरतो आणि विचारतो, ‘यांतील कोणती घ्यावी?’ आजोबांना दोन्ही काळ्या, दोन्ही लांब आणि दोन्ही चकचकीत दिसतात. ते चष्मा पुसून म्हणतात, ‘तुला बरी वाटेल ती घे.’ वडिलकीचे हे उत्तर प्रेमळ आहे, पण पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथमच सांगून टाकतो की, महागडी मोटार घेणाऱ्याची निंदा करण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्याने कष्टाने मिळविले त्याने सुखाने बसावे. या शहरास मोटारीचा शौक नवीन नाही. चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही पाहावयास मिळते. ती मिरविण्यासाठी होती; तिच्याकडून प्रवासाची अपेक्षा कोणी केली नाही. परंतु आपल्यासारख्या गृहस्थाची मोटार राजवाड्यात उभी राहावयाची नसते. तिला रोज कामावर जावयाचे असते, दवाखान्यात जावयाचे असते आणि वर्षातून एकदा तुळजापूरलाही जावयाचे असते. म्हणून तिची निवड निराळ्या मापाने झाली पाहिजे.

आमच्या पिढीला ही निवडीची पंचाईत फारशी पडली नाही. कुर्ल्याची फियाट घ्यावी की कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर घ्यावी, एवढाच बहुतेकांपुढे प्रश्न असे. त्यासाठी आधी नाव नोंदवावयाचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. घरात दोन पक्ष पडत. फियाट आटोपशीर, थोड्या जागेत वळणारी. अँबॅसडर ऐसपैस, खड्ड्यांना न जुमानणारी. त्या वादात एक गोष्ट मात्र कोणी विसरत नसे : मोटारीत किती माणसे बसतील आणि आजीला चढता-उतरता येईल काय. अँबॅसडरचे छत उंच होते आणि बैठकही उंच. नऊवारीतील बाई कमरेत फारशी न वाकता आत बसू शके. पुढे कुर्ल्याच्या गाडीचे नाव पद्मिनी झाले आणि तीही बंद पडली; अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. गाड्या गेल्या, पण ते दोन जुने प्रश्न आजही तितकेच खरे आहेत.

आता आजच्या जोडीकडे वळू. आमच्याकडच्या डॉक्टर, वकील व व्यावसायिक घरांत ज्या दोन मोटारींची तुलना बहुधा चालते, त्या म्हणजे मर्सिडीझ-बेंझची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची फाइव्ह सीरिज. दोन्ही कंपन्या जर्मन; तरी दोन्ही मोटारींची जुळणी आपल्याच देशात होते. मर्सिडीझने १९९५ साली पुण्यातून आपली पहिली भारतीय ई-क्लास बाहेर काढली आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे. बीएमडब्ल्यूचा कारखाना २००७ पासून मद्रासजवळ आहे. हैदराबादचा मराठी माणूस पुणे आणि मद्रास यांच्या मधोमध राहतो; त्याने चाकणच्या गाडीकडे माहेरचे माणूस म्हणून पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु पाऊण कोटी रुपये मोजताना माहेरचा अभिमान बाजूला ठेवलेला बरा.

कागदावरची तुलना अशी. बीएमडब्ल्यूची नवी लांब फाइव्ह सीरिज जुलै २०२४ मध्ये ७२ लाख ९० हजारांस आली; मर्सिडीझची नवी लांब ई-क्लास ऑक्टोबर २०२४ मध्ये ७८ लाख ५० हजारांपासून पुढे आली. या झाल्या विक्रेत्याच्या दारातील, आरंभीच्या किमती. फरक ५ लाख ६० हजारांचा. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर, ज्यावर मागच्या माणसाच्या पायांची ऐस अवलंबून असते, ते ई-क्लासचे ३०९४ मिलीमीटर आणि फाइव्ह सीरिजचे ३१०५. म्हणजे फरक ११ मिलीमीटरांचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा! एकूण लांबी ई-क्लासची ५०९२, तर फाइव्ह सीरिजची ५१६५. येथे फरक चार बोटांचा. ताकदीत मात्र बीएमडब्ल्यू पुढे आहे. तिच्या पेट्रोल एंजिनाची शक्ती २५८ अश्वशक्ती, तर ई-क्लासच्या साध्या पेट्रोल गाडीची २०४. याहून जोर हवा असेल तर मर्सिडीझकडे ३८१ अश्वशक्तीची गाडी आहे. पण तिची किंमतही तशीच चढते.

नातू या आकड्यांवर रात्री जागवितो. आम्ही त्याला एकच विचारू : ही जास्तीची चोपन्न अश्वशक्ती तू कोठे खर्च करणार? बाह्यवळण मार्गावर वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि तेथे दोन्ही मोटारी सारख्याच निर्धास्तपणे चालतील. मोअज्जमजाही मार्केटच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता दोन्ही सारख्याच रिक्षामागे उभ्या राहतील. ज्याला स्वतः मोटार हाकण्याचा शौक आहे आणि जो बहुधा एकटाच जातो, त्याने बीएमडब्ल्यू जरूर घ्यावी. त्याला तो फरक हातांना जाणवेल आणि त्याचे पाच लाखही वाचतील. आमचा प्रश्न निराळ्या घराविषयी आहे, जेथे मोटार ड्रायव्हर चालवितो आणि मागे घरातील वडील माणसे बसतात.

अशा घराने दुकानात जाताना घरातील सर्वांत वयस्क माणसाला बरोबर न्यावे. सर्वजण नेमके त्यांनाच घरी ठेवून जातात. आजींना मागच्या दारातून आत बसू द्यावे आणि कोणाच्या हाताशिवाय उतरू द्यावे. या बैठ्या बांधणीच्या मोटारी आहेत; छत उतरते आणि बैठक खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसताना नव्हे, उठताना त्रास होतो, आणि तो पाच मिनिटांच्या फेरीत दिसत नाही. दोन-तीनदा चढ-उतार करून पाहावी. ई-क्लासमध्ये मागच्या आसनाची पाठ ३६ अंशांपर्यंत मागे कलते आणि मांडीखालचा आधार पुढे सरकतो. फाइव्ह सीरिजमध्ये पाठ स्थिर आहे. तीनशे किलोमीटरांच्या प्रवासात, म्हणजे जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असे करीत तुळजापूरच्या देवीला जाताना, या फरकाची किंमत चोपन्न अश्वशक्तीहून अधिक ठरते. आमच्या मते वडील माणसांच्या घरासाठी पारडे येथे ई-क्लासकडे झुकते. तरीही आजींनी ‘मला यातून उठता येत नाही’ असे म्हटले, तर दोन्ही गाड्या तेथेच सोडून उंच बैठकीची तिसरी पाहावी. त्यात कमीपणा नाही.

आता पैशाविषयी. फलकावरची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. त्यापूर्वी अधिभार धरून तो या जातीच्या गाडीवर ४८ टक्के होता. म्हणून वर दिलेल्या आरंभीच्या किमती जशाच्या तशा धरू नयेत. विक्रेत्याकडून त्या दिवसाची किंमत लेखी घ्यावी. तिच्यावर राज्याचा आजीव कर आहे, तो अशा गाडीस किमतीच्या पंचमांशाच्या आसपास जातो. म्हणजे पाऊण कोटीच्या मोटारीवर पंधरा लाखांच्या घरात. शिवाय दहा लाखांवरील मोटारीवर विक्रेता एक टक्का आयकर आगाऊ वसूल करतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण पावती जपून ठेवणारा आमच्यात शंभरांत एखादाच. मग विमा. मग दुरुस्ती. एक टायर, एक पुढची काच आणि एक दिव्याचा संच, या तीन वस्तूंचे भाव दोन्ही दुकानांत विचारून कागदावर शेजारी शेजारी लिहावे. मोटारीच्या पोटातील खर्च त्यावरून कळतो. पाच वर्षांनी विकताना काय हाती येईल, हेही जुन्या गाड्यांच्या बाजारात विचारून घ्यावे. हा सारा हिशेब केल्यावर ५ लाख ६० हजारांचा तो पहिला फरक कित्येकदा लहान वाटू लागतो, आणि कधी कधी मोटार घेण्याचा बेतच मोठा वाटू लागतो. दोन्ही गोष्टी आधी कळलेल्या चांगल्या.

आणखी एक परीक्षा आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसे भरण्यापूर्वी दोन्ही मोटारी एकेकदा जुन्या घराच्या गल्लीत आणून पाहाव्यात.

या मोटारींची रुंदी आरशांसह दोन मीटरांच्या वर जाते; दार उघडावयाचे तर आणखी जागा हवी. जामबागेतील गल्ल्या टांगे आणि सायकली यांच्या काळात आखल्या गेल्या. एका बाजूस फुलांच्या पाट्या, दुसऱ्या बाजूस उभ्या स्कूटरी आणि मध्ये जे उरेल तो रस्ता. येथे पाच मीटरांची मोटार आत आलीच, तर तिला वळून परत जाता येत नाही. पहिल्या रविवारी उत्साहाने ती आत आणली जाते. दाराला ओरखडा पडतो. दुसऱ्या रविवारी ती मोठ्या रस्त्यावर उभी राहते आणि ड्रायव्हर फोन करतो की, पोलीस हलवावयास सांगत आहेत. आजोबा काठी टेकीत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातात. पावसाळ्यात ते म्हणतात, ‘मला नको, तुम्ही जा.’ हळूहळू मुलाचे येणे महिन्यावर जाते. मग एके दिवशी घरात कोणीतरी म्हणते की, या जागेत आता राहिले काय, येथे तर मोटारही येत नाही.

आम्ही हे वाढवून सांगत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भागातील जी जुनी घरे विकली गेली, त्यांच्या विक्रीची कारणे भाऊबंदकी, दुरुस्तीचा खर्च, मुलांच्या नोकऱ्या अशी पुष्कळ आहेत. तथापि ‘मोटार येत नाही’ हे वाक्य आम्ही त्या प्रत्येक बोलण्यात ऐकले आहे. मोटारीने घर मोडले असे कोणी म्हणणार नाही. पण घरापर्यंत न येणारी मोटार घेताना आपण काय ठरवीत आहोत, हे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून ठरवावे. गल्लीत येईल अशी एक लहान गाडी घरात ठेवली, अगर दर रविवारी ठरल्या वेळी ड्रायव्हरला आत पाठवून वडिलांना हाताला धरून आणविले, तरी भागते. मोठ्या मोटारीबरोबर हा बंदोबस्त विकत मिळत नाही. तो मुलानेच करावयाचा असतो.

१९०७ साली या शहरातील काही मराठी माणसांनी शाळा काढली आणि तिला विवेकवर्धिनी हे नाव दिले. त्या नावाच्या छायेत आमच्या तीन-चार पिढ्या शिकल्या. विवेक म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतील भेद ओळखणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. ११ मिलीमीटर आणि चोपन्न अश्वशक्ती यांचा भेद यंत्रही सांगते. आपल्या घरातील कोणाचे गुडघे दुखतात, कोण खिडकीशी वाट पाहात बसते आणि तेथपर्यंत चाके पोचतात काय, हा भेद मात्र घरच्या माणसालाच ओळखावा लागतो.

तेव्हा आमची आजोबांना विनंती आहे की, ‘तुला बरी वाटेल ती घे’ असे म्हणू नये. ‘दोन्ही आधी दारापर्यंत आण, मग मी बसून सांगतो’ असे म्हणावे. आणि नातवाने ते ऐकावे.