चहाच्या मळ्यात बाईची सुट्टी

मैत्रिणींनो, सहलीला निघायच्या आदल्या रात्री घरात सगळ्यांत शेवटी कोण झोपतं? आणि परत आल्यावर बाकीची मंडळी पाय ताणून पडलेली असताना धुण्याचा ढीग कोणाची वाट पाहत असतो? उत्तर सांगायला नकोच. निदान मधल्या आठ दिवसांत तरी बाईला सुट्टी मिळावी, एवढ्यासाठी आज थोडं आधीपासूनच बोलू या.

चहाचे मळे पाहायचे तर दार्जिलिंग आहे, आसाम आहे, निलगिरीतलं कुन्नूर आहे. पण ठाणे-कल्याणकडच्या आपल्यासारख्यांना सोयीचं पडतं ते केरळातलं मुन्नार. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि केरळ आपल्याला एकदम जवळ आलं. ठाण्याला थांबणारी नेत्रावती किंवा कल्याणला थांबणारी मंगला, दोन्ही गाड्या आलुव्याला नेऊन सोडतात. प्रवास साधारण एक दिवस आणि एक रात्रीचा. डोंबिवलीकरणींनी मात्र बॅगा आणि मुलं घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये शिरू नये. सरळ कल्याणपर्यंत रिक्षा करावी. तेवढे पैसे वसूल होतात, बरं का!

आता केव्हा जायचं ते. जून ते सप्टेंबर अगदी नको. तिकडचा पाऊस नुसता गमतीचा नसतो. ६ ऑगस्ट २०२० रोजी मुन्नारजवळच्या पेट्टिमुडीला डोंगर खचला आणि मळ्यातल्या कामगारांच्या चाळीच्या चाळी गाडल्या गेल्या. दिवाळीच्या सुट्टीतही केरळात परतीचा पाऊस असतो. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जावं, हे बरं. जवळच्या एरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या दिसतात. त्यांच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बंद ठेवतात, पण एप्रिलपासून सहसा उघडं असतं. आणि हो, मे महिना असला तरी स्वेटर घ्या. मुन्नार दीड हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या जवळजवळ दुप्पट उंच.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस होते, नोव्हेंबर २०२४ पासून साठ झाले. मेच्या पहिल्या आठवड्यात जायचं तर मार्चच्या सुरुवातीला तयार राहायला हवं. म्हणजे घरात विषय काढायचा तो फेब्रुवारीतच. आणि इथंच आपण बायका चुकतो. "मला काय, तुम्ही म्हणाल तिथं," असं म्हणून मोकळ्या होतो आणि मग पाच दिवसांत सहा ठिकाणं असा बेत समोर आला की मनातल्या मनात कुढत बसतो. भिशीचे पैसे तुम्ही घालणार असाल किंवा नसाल, बेत ठरताना पाटावर तुम्हीही बसा. सासूबाईंची तब्येत नाजूक असेल तर त्यांनाही आधीच विचारा. घाटाचा प्रवास झेपणार नसेल तर नणंदेकडे की दिरांकडे राहायचं, ते त्यांच्या मनाने ठरू दे. ऐनवेळी सांगितलं की त्यांना ओझं झाल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, मुन्नारला एकाच जागी तीन रात्री राहा. थेक्कडी, अलेप्पी, कोची सगळं याच खेपेत उरकायचा हट्ट नको. हिशेब करून पाहा. मुक्काम बदलला की बॅगा भरायच्या, उघडायच्या, ओले टॉवेल पिशवीत कोंबायचे, कोणाचा मोजा राहिला ते पलंगाखाली वाकून पाहायचं. चार मुक्काम म्हणजे हे सगळं चारदा, आणि ते करणार कोण? एक मुक्काम असेल तर एकदाच सामान लावायचं आणि तीन सकाळी आरामात उठायचं.

आलुव्याहून मुन्नार सुमारे एकशेदहा किलोमीटर, आणि त्यातला बराच घाट. गाडी दुपारनंतर पोचत असेल तर त्या दिवशी वर चढू नका. रात्री आलुव्याला किंवा एर्नाकुलमला झोपा आणि सकाळी ताज्या अंगाने निघा. ज्यांना गाडी लागते त्यांना पोटभर न जेवता हलकं खाऊ द्या, पुढच्या जागेवर बसवा, आणि आलेपाकाच्या वड्या हाताशी ठेवा.

कामाची वाटणी घरीच करून घ्या. प्रत्येकाने आपली बॅग आपण भरायची. दहा वर्षांच्या मुलालाही ते जमतं. एखादा शर्ट राहिला तर राहिला, आभाळ कोसळत नाही. औषधांचा डबा आणि तिकिटं ह्यांच्याकडे, पाण्याच्या बाटल्या मोठ्या मुलाकडे. खाणं म्हणाल तर गाडीतल्या पहिल्या दिवसापुरतं घ्या: दशम्या, दाण्याची चटणी, थोडा चिवडा. पुढे इडली-डोसा, अप्पम सगळीकडे मिळतं. खोलीवर खिचडी लावायला म्हणून कुकर मुळीच नेऊ नका. कुकर गेला की त्याच्यामागोमाग स्वयंपाकघर जातं!

मुन्नारला चहाचं संग्रहालय आहे, ते जरूर पाहा. सोमवारी मात्र ते बंद असतं. पाला सुकवून, चुरडून, आंबवून आणि वाळवून आपल्या डब्यातली भुकटी कशी होते, ते तिथं समजतं. एक किलो चहाला चार-साडेचार किलो ओली पानं लागतात. ती खुडणाऱ्या बहुतेक बायकाच. पाठीवर पिशवी, उतारावर उभं राहून दिवसभर काम. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये बोनस कमी केला म्हणून ह्याच बायका हजारोंनी मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. युनियनच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी दूर ठेवलं. तेव्हा त्यांची रोजची मजुरी दोनशे बत्तीस रुपये होती. आठवड्याभराहून अधिक दिवस त्या हटल्या नाहीत, आणि बोनस पदरात पाडून घेऊनच उठल्या. म्हणून मळ्यात फोटो काढताना आधी विचारा. त्या कामावर आलेल्या असतात, आपल्या फोटोसाठी नव्हे. मुलांनाही हे सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

येताना चहा आणाल, तो बेताने आणा. घरी उकळून दुधाचा चहा होतो, त्याला दाणेदार सीटीसी चहाच बरा. लांब पानाचा चहा हौसेने आणलात तर तो आपल्यासारखा खळखळ उकळू नका, कडू होतो. पाणी उकळलं की गॅस बंद करा, कपाला एक चमचा पत्ती टाका, तीन-चार मिनिटं झाका आणि गाळा. दूध घातलं नाही तर उत्तम. पुडा घेताना तारीख पाहा, घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि तो डबा मसाल्याच्या शेजारी ठेवू नका. चहा वास फार लवकर ओढून घेतो.

सुट्टीतला शेवटचा दिवस मात्र प्रवासात घालवू नका. रविवारी रात्री घरी आणि सोमवारी पहाटेची लोकल, असा बेत करू नका. एक दिवस आधी परत या. त्या दिवशी धुणं मशीनला लावायचं काम ह्यांचं, वाळत घालायचं मुलांचं, आणि जेवण पोळी-भाजी केंद्रातून. सकाळचा पहिला चहाही दुसऱ्या कोणीतरी करून तुमच्या हातात द्यायला हवा. हेदेखील तिकिटं काढतानाच ठरवून ठेवा. नंतर कोणाला आठवत नाही.