दोन सहलींसाठी वर्षभराचं वजन

कोथरूड ते हिंजवडी, गाडीत रोज एकच माणूस आणि दाराशी सात आसनी एसयूव्ही. पुण्यात हे आता सर्रास दिसतं. मोठी गाडी घेण्यासाठी दिली जाणारी कारणं मात्र कुणी नीट तपासत नाही.

सगळ्यात मोठं कारण सुरक्षिततेचं. लेकरांना मागच्या सीटवर बसवणाऱ्या आईबापांना ही काळजी वाटणारच. पण गाडी मोठी म्हणजे सुरक्षित, हे खरं नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. २०२० मध्ये चार मीटरच्या आत बसणाऱ्या अल्ट्रोझला पाच. समोरासमोरच्या धडकेत जड गाडीतल्यांना फायदा मिळतो, हे मान्य. पण त्याची किंमत समोरच्या हलक्या गाडीतली, नाहीतर दुचाकीवरची माणसं मोजतात. तो फायदा मागताना आपण काय मागतोय, याचा विचार व्हायला हवा. २०२३ पासून भारत एनकॅपचे तारेही मिळू लागले आहेत; ते बघून लहान गाडी निवडता येते.

दुसरं कारण खड्ड्यांचं. उसाच्या फडापर्यंत किंवा कोकणातल्या कच्च्या वाटेनं रोज जाणाऱ्यानं उंच, दणकट गाडी घ्यावीच. शहरातल्या खड्ड्याला मात्र वेग कमी करणं पुरतं, आणि विद्यापीठ चौकात वेग असतोच कुठे?

खरा तोटा तिथेच होतो. दर सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा हलवायला लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि पुढच्या ब्रेकला ती उष्णता होऊन वाया जाते. वॅगनआर साधारण साडेआठशे किलोची; मोठी एसयूव्ही सहज त्याच्या दुप्पट. चालवणारा एकटाच, पण प्रत्येक सिग्नलला तो जास्तीचं लोखंड ढकलतो. डिझेल घेऊन हे सुटत नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग पळावं लागतं. रोजच्या छोट्या, अडखळत्या फेऱ्यांत ते जमत नाही, फिल्टर तुंबतो आणि गॅरेजचं बिल वाढतं.

उरलं गावाला जाणं. गणपतीत आणि मे महिन्यात सगळे एकत्र निघतात, तेव्हा सात जागा लागतात. मग हिशेब करू. रोजचे ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. शहरात लहान गाडी लिटरला १८ आणि मोठी १० देते असं धरलं, तर एकीला ५०० लिटर लागतात, दुसरीला ९००. शंभर रुपये भावानं फरक ४०,००० रुपयांचा. किलोमीटरला वीस रुपये भाडं धरलं, तर एवढ्यात ड्रायव्हरसह इनोव्हा २,००० किलोमीटर फिरते. गणपतीपुळ्याला दोनदा जाऊन येऊनही पैसे उरतात. मोठ्या गाडीचा जास्तीचा हप्ता, विमा आणि टायर यांत धरलेलेच नाहीत.

ज्यांच्या घरी रोजच सहा-सात माणसं गाडीत बसतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. बाकीच्यांनी टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नये. सोमवारी संध्याकाळी घ्यावी, ऑफिसच्या वाटेवर, आणि गाडी सोसायटीतल्या आपल्या पार्किंगमध्ये लावून दोन्हीकडची दारं पूर्ण उघडतात का, ते पाहावं.