विषबाधा आणि कलम २१

आमच्या मराठवाड्यात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. दुसऱ्याच्या रानात पाठीवर पंप घेऊन औषध मारणारा भूमिहीन मजूर आमच्यातलाच असतो. तो चक्कर येऊन पडला, दगावला, की लोक नशिबाला बोल लावतात. आम्हाला हे मान्य नाही.

विष कोणते, किती गेले आणि उपचार किती वेळात मिळाला, यावर माणसाचे जगणे ठरते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषाने श्वास कोंडतो; वेळेवर ॲट्रोपिन, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर मिळाले तर रुग्ण वाचू शकतो. मीठपाणी पाजून उलटी काढू नये. ते फुफ्फुसात गेले तर जीवावर बेतते. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. पॅराक्वाटवर तर उताराच नाही. असे विष बाजारातच नको. श्रीलंकेने १९९५ साली मोनोक्रोटोफॉस बंद केले; नंतरच्या काळात तेथील आत्महत्या घटल्या. आपल्याकडे त्यावरील बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले!

१९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. दवाखाना गावाजवळ हवा, हा धडा या मातीने मोठी किंमत मोजून घेतला. विषबाधेलाही तोच लागू आहे. ॲट्रोपिनचे पहिले इंजेक्शन गावाजवळच मिळाले पाहिजे. लातूर-सोलापूरच्या वाटेवर श्वास थांबता कामा नये.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कायदे नव्हते काय? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे आणि उताऱ्याच्या साठ्याची तरतूद आहे. एका शेतमजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठणकावले, की सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे. विष पिलेल्या माणसाचे नातेवाईक पोलिसांच्या भीतीने उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, हे वस्तीवस्तीत सांगा.

कार्यकर्त्यांनो, फवारणीचा हंगाम येण्याआधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात जा. ॲट्रोपिन किती, ऑक्सिजन किती, रात्री डॉक्टर कोण, हे लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. बाबासाहेबांनी दिलेला जगण्याचा हक्क कागदावर राहू देऊ नका.